जड पट्ट्या आणि चोवीस गाणी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे, पण माझ्या पोटात एकही तार नाही. मी विजेवर चालतो. लोक मला डिजिटल पियानो म्हणतात. माझ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीच्या आत एक लहानशी हातोडी बसवलेली आहे. पट्टी दाबली की बोटाला ती हातोडी उचलावी लागते. म्हणून माझ्या पट्ट्या जड आहेत. डावीकडच्या जास्त जड, उजवीकडे जाल तसतशा हलक्या. तारांच्या खऱ्या पियानोवर बोटांना जसं वाटतं तसंच माझ्यावर वाटावं, यासाठी ही सगळी खटपट. या जडपणामुळे मला दोन वर्षं कुणी घेतलं नाही आणि या जडपणामुळेच एका बाईने मला निवडलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली. एक पट्टी तिला किंचित अडकल्यासारखी वाटली, तेव्हा तिने मला पुन्हा उघडायला लावलं. दुसऱ्या दिवशी तीच पट्टी तिने वीस वेळा दाबली आणि मगच मला खोक्यात घातलं. पुढे जहाज, मग ट्रक, आणि एके दिवशी खोकं उघडलं ते यवतमाळच्या एका वाद्यांच्या दुकानात.

दुकान शामभाऊंचं होतं. सुरुवातीला त्यांनी मला दारासमोर, सगळ्यांना दिसेल असं मांडलं. लोक यायचे, हात फिरवायचे, "वा!" म्हणायचे. मग दोन-चार पट्ट्या दाबायचे आणि म्हणायचे, "हा कायले एवढा जड हाय हो?" माझ्या शेजारी हलके कीबोर्ड होते. त्यांच्यात ढोलकीचे, तबल्याचे ठेके तयार होते, बटण दाबलं की वाजायचे. काखेत मारून नेता यायचे. गिऱ्हाईक तेच नेत. हळूहळू मी दारापासून मागच्या भिंतीशी सरकलो. माझ्यावर गिटारींच्या रिकाम्या पिशव्या पडू लागल्या. मी असाच भिंतीशी संपणार, असं मला वाटायला लागलं होतं.

पोळा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा दिग्रसचं एक कुटुंब दुकानात आलं. कमलाकरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांची पत्नी सुनीतीबाई. आणि यवतमाळच्या कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी शाल्मली. तिच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग होती.

"घरीच रेकॉर्डिंग करायचं हाय," शाल्मली शामभाऊंना म्हणाली. "केबल थेट लॅपटॉपले लागली पायजे. बाहेरचा आवाज आत नाई आला पायजे. आमच्या घरासमोरून दिवसभर जिनिंगच्या, कापसाच्या गाड्या जातात."

शामभाऊंनी एक हलका कीबोर्ड पुढे केला. सुनीतीबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तेव्हा मला दिसलं. तो हात थरथरत होता.

त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली मात्र, तीन सूर एकदम वाजले. त्यांनी हात उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा भलतेच सूर. पट्ट्या इतक्या हलक्या होत्या की बोटाचं थरथरणंही त्यांना पुरत होतं.

"हे काहून वाजून राह्यलं? म्या तं दाबलंच नाई," बाई पुटपुटल्या.

दुकानात गिटारीच्या तारा घ्यायला आलेली दोन पोरं एकमेकांकडे पाहून हसली. कमलाकररावांचा चेहरा लाल झाला. "चाल सुनीती. घरी जाऊ. म्या आधीच म्हटलं होतं, आता हे होत नाई."

बाई उठल्या. पण शाल्मली उठली नाही. तिने दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. गिटारींच्या पिशव्या तिने खाली ठेवल्या, माझी एक पट्टी हळूच दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"आई, इकडं ये. ह्याच्यावर हात ठेवून पाह्य. दाबू नको. फकस्त ठेव."

सुनीतीबाई आल्या. त्यांचा थरथरणारा हात माझ्या मधल्या पट्ट्यांवर टेकला. मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. बोटं थरथरत होती, ती थरथर माझ्या हातोड्यांपर्यंत पोहोचत होती, पण एकही हातोडी हलत नव्हती. मी गप्प राहिलो.

"वाजून नाई राह्यला व," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती होती, की खरंच असं आहे का. मग त्यांनी एक पट्टी मुद्दाम, जोर देऊन दाबली. एक सूर निघाला. एकच. स्वच्छ. मग दुसरा. मग एका गाण्याची पूर्ण ओळ.

"मी दाबीन तवाच वाजते हा," त्या म्हणाल्या.

कमलाकरराव मात्र तयार नव्हते. "अवं, पण किती जड हाय! तुह्या बोटाइले झेपन काय? दोन गाण्यात दमशीन."

"दमीन तं थांबीन," बाई म्हणाल्या. "पण जे वाजन ते माह्यं वाजन."

असा मी दिग्रसला आलो. छोट्या टेंपोत मला गादीवर झोपवलं होतं आणि शाल्मली वाटभर माझ्या कडेला हात लावून बसली होती.

घरी आल्यावर मला सगळं कळलं. सुनीतीबाईंनी तालुक्यातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं संगीत शिकवलं होतं. शाळेत आजूबाजूच्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवरची मुलं येत. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप ऊस तोडायला लांबच्या जिल्ह्यांत जात आणि मुलांनाही नेत. पाच-सहा महिने शाळा बुडायची. परत येईपर्यंत पाढे, महिने, दिशा, सगळं पुसलेलं असायचं. म्हणून बाईंनी गाणी रचली. सातच्या पाढ्याचं गाणं, नद्यांचं गाणं, कापसाच्या बोंडाचं गाणं. मुलांच्या घरची गोर बोली, त्यातले शब्दही त्यांत घातले. अशी चोवीस गाणी. शाळेत कुणी देणगी दिलेला एक उभा पियानो होता, त्यावर बाई ती वाजवत आणि मुलं गात. इमारत पाडली तेव्हा तो पियानो भंगारात गेला. गाण्यांचे शब्द वहीत होते, पण चाली कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. त्या फक्त बाईंच्या बोटांत होत्या, आणि बोटांना कंपवाताचा आजार झाला होता. या आजारात आवाजही खोल गेला होता. गाऊन दाखवणं त्यांना जमत नव्हतं. शाल्मलीला यंत्रांतलं सगळं कळायचं, पण सूर धरता येत नव्हता.

उत्तमसिंग बाईंचा जुना विद्यार्थी. त्यालाही चाली पुऱ्या आठवत नव्हत्या. आता तो एका तांड्यावर शिक्षक होता. पहिल्याच आठवड्यात तो घरी आला आणि दारातच म्हणाला, "बाई, भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी ट्रक निघतात. त्याच्या आत चाली भेटल्या तं मी सगळ्याइच्या मोबाईलात टाकून देतो. पोट्टे उसाच्या फडावर ऐकतीन, म्हणतीन. एकदा निघाले की एक टोळी इकडं, एक तिकडं. मंग कोणाले कुठी गाठू?"

"होईन," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. हात किती दिवस साथ देईल याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

काम सुरू झालं. दुपारी जेवणानंतर बाई गोळी घेत. अर्ध्या तासाने हात मोकळा व्हायचा आणि पुढचे दीड-दोन तास तसाच राहायचा. मग पुन्हा आखडायचा. तेवढाच वेळ आमच्या हाती होता. शाल्मली कॉलेजातून मिळेल ती यष्टी धरून यायची. माझ्या पाठीतून निघालेली केबल तिच्या लॅपटॉपात जायची. बाई आधी लॅपटॉपच्या माइकवर खोल आवाजात गाण्याचं नाव सांगत, मग माइक बंद झाला की वाजवत. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजोत नाहीतर शेजारचा कुकर, माझ्या सुरांना त्यांचा धक्का लागत नव्हता.

कमलाकरराव खुर्ची घेऊन मागे बसत. आयुष्यभर कचेरीत त्यांनी एकही चुकीचं कागदपत्र पुढे जाऊ दिलं नव्हतं. "ते दुसऱ्या ओळीत जरा मागंपुढं झालं," ते म्हणत. बाई पुन्हा वाजवत. "आता शेवटी." बाई पुन्हा वाजवत. एका दुपारी एकाच गाण्यात दोन्ही तास गेले. बाईंनी हात मांडीवर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

"बाबा, तुमी बाहेर बसत जा," शाल्मली म्हणाली.

"मी काय वाईट सांगून राह्यलो? चुकीचं पोराइले शिकवायचं काय?"

"चूक सुधरता येते. हात कुठून आणायचा?"

कमलाकरराव उठले आणि अंगणात जाऊन बसले. त्यानंतर बरेच दिवस त्यांची खुर्ची अंगणातच होती.

नवरात्र आलं तोवर अकरा गाणी झाली होती. पण बाईंच्या बोटांचा जोर कमी होत चालला होता. मला ते सगळ्यांत आधी कळलं. पट्टी पूर्ण खाली जायची, पण आवाज दबका यायचा. जो जडपणा त्यांना आधार वाटला होता, तोच आता त्यांना दमवत होता. मला स्वतःचा राग यायचा, पण मी काय करणार? शाल्मलीने माझ्यासोबत आलेलं पुस्तक चाळलं आणि माझ्यात एक सोय शोधून काढली. तिने दोन बटणं एकदम दाबली. पट्ट्यांचं वजन तेच राहिलं, पण आता हळू दाबलं तरी मी भरदार आवाज देऊ लागलो. बाईंनी डोळे मिटून एक ओळ वाजवली आणि मान हलवली. चौदा गाणी झाली.

आणि अष्टमीच्या दुपारी वीज गेली. गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली ती इतक्या जोराने की घरातले दिवे पांढरे झाले. माझ्या वायरीच्या टोकाला असलेल्या काळ्या डबीतून, म्हणजे अडॅप्टरमधून, जळका वास आला. माझे सगळे दिवे विझले.

मित्रांनो, अंधारात पडल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं. बोटं माझ्यावर पडत होती, हातोड्या हलत होत्या, आणि माझ्यातून आवाज निघत नव्हता.

संध्याकाळी कमलाकरराव बाजारातून तशीच एक काळी डबी घेऊन आले. "पिन बरोबर बसते," ते घाईने म्हणाले. "दुकानदार म्हणे, चालते." डबी त्यांनी भिंतीतल्या सॉकेटात घातली आणि दुसरं टोक माझ्या पाठीकडे आणलं. ते टोक माझ्यापासून बोटभर अंतरावर होतं.

"थांबा बाबा!" शाल्मली किंचाळली. तिने त्यांचा हात धरला, वाकून माझ्या पोटाखालची बारीक अक्षरं वाचली, मग डबीवरची वाचली. "हे दुप्पट व्होल्टचं हाय. लावलं असतं तं पियानो कायमचा गेला असता."

कमलाकररावांच्या हातातली वायर थरथरत होती. सुनीतीबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचाही हात कापून राह्यला की हो." ते हसले नाहीत. त्यांनी सॉकेटातून डबी काढली आणि शामभाऊंना फोन लावला.

शामभाऊंकडे तशी डबी नव्हती. त्यांनी ती नागपूरहून मागवली आणि यवतमाळहून यष्टीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. या सगळ्यात नऊ दिवस गेले. रोज दुपारी बाई गोळी घेत, हात मोकळा होई, आणि त्या माझ्यासमोर बसून मुक्या पट्ट्यांवर चाली वाजवत, विसरू नयेत म्हणून. त्या नऊ दिवसांत त्यांचा उजवा हात झपाट्याने बिघडला. मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा अनामिका आणि करंगळी सरळ होत नव्हत्या. कशीबशी तीन गाणी झाली. दिवाळीच्या पहिल्या दिवशी बाई उजव्या हाताने एक ओळही पुरी करू शकल्या नाहीत.

सतरा गाणी झाली होती. सात राहिली होती.

"झालं तेवढं झालं," बाई म्हणाल्या.

शाल्मलीने लॅपटॉप जवळ ओढला आणि ती म्हणाली, "आई, तुहा डावा हात चांगला हाय ना? आधी डाव्याचं वाजव, ठेका. ते मी ठेवते. मंग तेच कानाले लावून ऐक, आणि वरची चाल पण डाव्याच हातानं वाजव. मी दोन्ही एकमेकांवर बसवते."

"म्हणजे खोटं गाणं?"

"खोटं कसं? दोन्ही वेळा हात तुहाच हाय."

बाईंनी हेडफोन कानाला लावला. डावा हात आयुष्यभर खालच्या पट्ट्यांवर राहिलेला. त्याला वरच्या पट्ट्यांची सवय नव्हती. तो चाचपडायचा, चुकायचा. पहिलं गाणं जुळायला दोन दिवस लागले. शाल्मलीने दोन्ही बाजू एकत्र करून ऐकवल्या, तेव्हा बाईंनी तोंडावर पदर धरला. त्यात त्यांचे दोन्ही हात वाजत होते, अगदी पूर्वीसारखे. खिडकीबाहेर अंगणात कमलाकररावही उभे होते. ते आत आले नाहीत, पण त्या दिवसापासून बाईंची गोळी आणि पाण्याचा पेला ते स्वतः वेळेवर आणून ठेवू लागले.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. घरात रांगोळी नाही, फराळ शेजाऱ्यांनी दिलेला. बाई आणि मी काम करत होतो. ट्रक निघायच्या दिवशी सकाळी बाविसावं गाणं झालं. दहा वाजता गोळी. साडेअकराला तेविसावं. बारा वाजता उत्तमसिंगची मोटरसायकल दारात थांबली.

"बाई, ट्रक भरून राह्यले. एकाले निघतीन."

"एक राह्यलं," बाई म्हणाल्या. चोविसावं, कापसाच्या बोंडाचं. डाव्या हाताने त्यांनी ठेका वाजवला. स्वच्छ, एकदाही न चुकता. मग हात वर नेला, चालीची पहिली ओळ सुरू केली, आणि डावा हातही थांबला. बोटं माझ्या पट्ट्यांवर टेकलेली होती. मला त्यांच्यातली धडपड कळत होती, पण एकही हातोडी उचलली जात नव्हती. पुन्हा प्रयत्न. पुन्हा. बाईंच्या कपाळावर घाम आला. उत्तमसिंग दारात उभा होता, घड्याळाकडे पाहायचं टाळत.

"तेवीस दे," बाई अखेर म्हणाल्या. "हे काढून टाक. अर्धं गाणं कोणाच्या कामाचं?"

तेव्हा कमलाकरराव आत आले. "शाल्मली, हेही टाक," ते म्हणाले. "म्या अर्धी फाईल कधी साहेबापुढं नेली नाई. पण हे जाऊ दे. जेवढं हाय तेवढं जाऊ दे."

शाल्मलीने चोवीसही गाणी पेन ड्राइव्हमध्ये घातली. उत्तमसिंगने तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, वाकून बाईंच्या पाया पडला आणि निघाला.

मित्रांनो, त्यानंतर घर शांत झालं. माझ्यावर चादर आली. बाईंचे हात परत सुधारले नाहीत. हिवाळा आला. त्या रोज दुपारी माझ्यासमोर थोडा वेळ बसत, चादर न काढता.

संक्रांतीनंतर एका बाजाराच्या दिवशी शाल्मलीचा फोन वाजला. उत्तमसिंगने काहीतरी पाठवलं होतं. ऊसतोडीच्या कुठल्यातरी फडावरून त्याला आलेलं, तसंच पुढे. शाल्मलीने फोन माझ्यावरच ठेवला आणि आवाज मोठा केला.

आधी वारा ऐकू आला. मग बाईंचा खोल आवाज, "गाणं चोविसावं, कापसाचं बोंड." मग माझा ठेका, डाव्या हाताचा. चाल नसलेला. दोन मात्रा गेल्या, आणि त्या ठेक्यावर एका बाईचा आवाज उठला. मोठ्या, उघड्या गळ्याचा. ती गात होती, आणि तिच्यामागून पंधरा-वीस लेकरं. गाणं शेवटपर्यंत गेलं, एकही ओळ न गळता.

सुनीतीबाई ऐकता ऐकता ताठ बसल्या. "दिपाली होय ही," त्या म्हणाल्या. "पाचवीत होती, पुढच्या बाकावर. दुसऱ्या ओळीतला निषाद तवाही चढाच लावायची. किती सांगतलं तिले!"

"चूकच हाय मंग," कमलाकरराव म्हणाले.

"राहू द्या चूक," बाई म्हणाल्या. "लाव व शाल्मली, परत लाव."

ते त्या दुपारी सात वेळा लागलं.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या तीन पट्ट्या खडखडतात. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्यावर ओला पेला ठेवू नका, भलतीच वायर लावू नका, धूळ बसू देऊ नका. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कुणाच्या बोटांत, कुणाच्या गळ्यात असं काही असेल जे वहीत कुठेच लिहिलेलं नाही, तर आज दुपारीच त्यांच्यासमोर जाऊन बसा. सगळं नीट होईपर्यंत थांबू नका. अर्धं मिळालं तरी ते उचला आणि पुढे द्या.